बिघडलं तर कोणाला बोलावता?

परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या आमच्या शाळेत एखाद्या वस्तूवर नाव नसेल तर ती कोणाची असा प्रश्न पडत नाही. ती चोरीची आहे असं सरळ धरलं जातं. पाण्याच्या टाकीवर नाव आहे, बाकांच्या पाठीवर नाव आहे, घंटेवर आहे आणि ध्वजस्तंभाच्या कट्ट्यावर तर बापलेकांची दोन नावं आहेत. पंख्यांच्या तिन्ही पात्यांवर 'स्मरणार्थ' लिहिलेलं आहे. पंखा फिरायला लागला की वडिलांचं नाव दिसेनासं होतं, म्हणून एका देणगीदाराच्या मुलानं पंखा एक नंबरवरच ठेवा अशी लेखी विनंती केली होती, आणि आम्ही दोन उन्हाळे ती पाळली. या शाळेत मी अकरा वर्षं संगणक शिकवला. माझ्यावर मात्र कोणाचंच नाव नव्हतं, आणि तिथंच माझं चुकलं.

मी तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जितके तास शिकवले तितक्याचंच मानधन. सुट्टी लागली की मानधनालाही सुट्टी. दर जूनला नव्यानं अर्ज करायचा, त्याला फोटो चिकटवायचा आणि 'अनुभव' या रकान्यात याच शाळेचं नाव लिहून याच शाळेला द्यायचा. अकरा वर्षांत मी अकरा वेळा नव्यानं लागले. कायम शिक्षकांच्या खोलीत मला खुर्ची होती, पण कपाटात कप्पा नव्हता. यजमानांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात तिथं विहिरीवरच्या मोटरींची रांग लागते आणि पाऊसपाणी बरं झालं की दुकानात आम्ही दोघं आणि माश्या. मुलगी शिकायला जालन्याला. तेव्हा ते मानधन घराला लागायचंच. पण खरं सांगायचं तर मला ते तास आवडायचे. ज्या पोरींना घरात मोबाइलला हात लावायचा तर भावाची परवानगी लागायची, त्या माझ्या खोलीत येऊन संगणक चालू करायच्या, बंद करायच्या, आणि पुन्हा चालू करायच्या. ते बघायला मला फार आवडायचं.

संगणक वीस होते. जालन्यातल्या एका सळईच्या कारखान्यानं नवे घेतले तेव्हा जुने शाळेला दिले होते. प्रत्येकाच्या कपाळावर लाल ऑइलपेंटनं कारखान्याचं नाव. आतली सिस्टीम विकतची होती, पण इतकी जुनी की तिच्याकडे आता कोणी बघत नव्हतं, आणि तिचे कागद कारखान्यातच राहिले होते. ती बंद पडली की एक गृहस्थ पिशवीत सीडी घालून यायचे आणि कुठूनतरी आणलेली प्रत टाकून जायचे. त्या सीडीवर स्केचपेननं 'ओरिजिनल' असं लिहिलेलं होतं. मुख्याध्यापकांचा तिच्यावर पूर्ण विश्वास होता.

मग एक दिवस वरून पत्र आलं. शाळेतल्या प्रत्येक संगणकात अधिकृत सॉफ्टवेअरच असावं, तशी नोंद तपासणीच्या वेळी दाखवावी, अन्यथा विषयाची मान्यता पुढे चालू ठेवता येणार नाही. मुख्याध्यापक सरांनी ते पत्र शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचलं आणि शेवटच्या ओळीला माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. विषय गेला की माझे तास गेले, हे समजायला संगणकाची गरज नव्हती.

मी म्हटलं, "सर, एक सिस्टीम आहे. लिनक्स म्हणतात. फुकट आहे आणि अधिकृतही आहे."

"फुकट अन् अधिकृत?" सर म्हणाले. "दोन्ही एकदम कसं व्हईल, मॅडम?"

आमचे मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हे. गणिताचा माणूस, अंबडकडचा, फार सरळ. पण त्यांच्या आयुष्यात फुकट मिळालेली प्रत्येक गोष्ट नंतर महाग पडली होती, आणि अधिकृत गोष्टीला कायम चलन भरावं लागलं होतं. मी त्यांना समजावून सांगितलं की जगभरातल्या हजारो लोकांनी मिळून ही सिस्टीम लिहिली आहे, कोणीही घ्यावी, वापरावी, दुसऱ्याला द्यावी, आत काय आहे ते उघडून बघावं. सर सगळं शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "पण त्यांना काय मिळतं?"

शेवटी दुसरा मार्गच नव्हता म्हणून त्यांनी परवानगी दिली, तीही तोंडी. दिवाळीच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली. एक पेनड्राइव्ह, डब्यात चकल्या आणि मोबाइलवर बघून उतरवलेली दोन पानं, एवढ्या सामानावर मी पाच दिवसांत वीस संगणक बदलले. पहिला बदलायला पूर्ण दिवस गेला आणि दोनदा रडू आलं. विसावा बदलताना मी शेजारी चकली खात होते. जो संगणक चालू करून चहा पिऊन आलं तरी घरघरत असायचा, तो आता खुर्ची ओढेपर्यंत तयार. मराठीत चालणारा, पेनड्राइव्हमधून आलेल्या रोगाला भीक न घालणारा. त्या दिवशी मी घरी गेले ती चालत नव्हतेच, तरंगत होते. यजमान म्हणाले, "बक्षीस लागलं काय?" मी म्हटलं, लागलं.

पोरींनी नवी सिस्टीम अर्ध्या तासात आपलीशी केली. त्यांना जुन्या सिस्टीमचा सराव व्हावा इतके तास मिळालेलेच नव्हते, त्यामुळे विसरायला काही नव्हतं. अडचण झाली ती कायम शिक्षकांना. हिंदीचे सर रोज येऊन विचारायचे की खाली डाव्या कोपऱ्यात जे होतं ते कुठं गेलं. मी दाखवायचे की ते वर आहे. ते म्हणायचे, "वर कशाला नेलं? तिथं काय खराब होतं?" हे संभाषण आम्ही पुढं दोन महिने रोज केलं.

खरी लढाई झाली ती ऑफिसात. आमच्या शाळेचे बडे बाबू म्हणजे मुख्य लिपिक. त्यांच्या ताब्यात डेडस्टॉक रजिस्टर होतं. शाळेतली खुर्ची, नकाशा, पृथ्वीचा गोल, सगळं त्यात. त्यात जे आहे ते आहे, नाही ते नाही. गोल प्रत्यक्षात सात वर्षांपूर्वी फुटला, पण रजिस्टरात आहे, म्हणून आमच्याकडे पृथ्वी आहे. मी सिस्टीमची नोंद करायला गेले तेव्हा बडे बाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"किंमत?"

"काही नाही."

"काही न्हाई असं लिहिता येत न्हाई मॅडम. आकडा लागतो."

"शून्य लिहा."

"शून्य लिहिलं की तपासणीवाले विचारतेत, फुकट कामून आलं. फुकट आलं म्हंजे दान. दान म्हंजे दानपत्र. दानपत्रावर देणाऱ्याची सही पाहिजे. कोणं दिलं?"

"जगातल्या हजारो लोकांनी."

बडे बाबूंनी पेनचं टोपण लावलं. "मंग त्यांना सांगा, एकानं तरी येऊन सही करा."

मी हसले, पण ते हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं आमचे वीस संगणक आता सिस्टीमशिवाय होते. चालत होते ही गोष्ट वेगळी. नोंद नाही म्हणजे विषय नाही, आणि विषय नाही म्हणजे मी नाही. मी तीन दिवस त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. परवान्याचा मजकूर छापून नेला, तो त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाले, "ह्याच्यावर शिक्का न्हाई."

हा तिढा सोडवला आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी. शेठजींचं घराणं राजस्थानातून येऊन इथं चार पिढ्या झाल्या. कापसाचा आणि सरकीचा धंदा, बोलणं गोड, आणि कोणत्याही पेचातून रस्ता काढण्यात वाकबगार. त्यांनी मला, सरांना आणि बडे बाबूंना समोर बसवून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे देणाऱ्याचं नाव न्हाई, एवढीच तकलीफ आहे ना?" शेठजी म्हणाले. "मंग नाव आपण देऊ. माझ्या बाबूजींच्या नावानं लिहून टाका. त्यांनी बोरिंग दिलं, टाकी दिली. सिस्टीम बी दिली."

मला वाटलं गंमत करताहेत. पण त्यांनी तिथल्या तिथं दानपत्र करून सही केली. आठवड्याच्या आत पेंटर आला आणि कारखान्याच्या नावाखाली, वीसच्या वीस संगणकांवर, पिवळ्या रंगात लिहून गेला: 'ऑपरेटिंग सिस्टीम सप्रेम भेट', आणि खाली वडिलांचं नाव, आधी कैलासवासी लावून. लिनक्स कोणी लिहिली असा प्रश्न जगात कोणालाही पडला असेल तर उत्तर आष्टीत उपलब्ध होतं. बडे बाबूंनी समाधानानं नोंद केली. मी मनातल्या मनात त्या हजारो लोकांची माफी मागितली आणि तासावर गेले. खोटं बोलायचं नाही, मला सुटल्यासारखं वाटलं.

तपासणी पथक आलं. तिघं होते. त्यातल्या साहेबांनी एक संगणक चालू करून बघितला, बरा चालतो म्हणाले. रजिस्टर बघितलं, दानपत्र बघितलं. पिवळा रंग वाचून त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण ते चहापाणी झालेले सद्गृहस्थ होते, त्यांनी दानपत्र मिटून ठेवलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"हे बिघडलं तर कोणाला बोलावता?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी आहे ना, साहेब. मीच करते सगळं."

"तुम्ही कायम आहात?"

"तासिकेवर आहे."

"मग तुम्ही म्हणजे व्यवस्था नाही," ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नियम वाचावा तसे बोलले. "कंपनीचा करार दाखवा. सपोर्ट पाहिजे. फोन नंबर पाहिजे." आणि त्यांनी शेऱ्यात तसं लिहून एक महिन्याची मुदत दिली. अकरा वर्षं मी ज्या खोलीची धूळ पुसली तिथं उभी राहून, मी व्यवस्था नाही, हे ऐकलं. पण पाहुण्यांना निरोप द्यायचा होता, तो हसून दिला.

मग तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवायची वेळ आली. जालन्यातल्या दोघांनी लिनक्सचं नाव ऐकून हात झटकले. एकानं तर मला समजावलं की ताई, ज्यात विकायला काही नाही त्यात पडू नका. तिसरी कंपनी संभाजीनगरची निघाली. ती म्हणाली, आम्ही एंटरप्राइज सपोर्ट देतो. सरांना एंटरप्राइज हा शब्द इतका आवडला की तो त्यांनी प्रार्थनेनंतरच्या सूचनांमध्ये वापरला.

कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र. त्यानं काय केलं ते मी शेजारी उभं राहून बघितलं. माझ्या सिस्टीमला त्यानं हात लावला नाही, कारण हात लावण्यासारखं त्याला काही समजत नव्हतं. पडद्यावरचं चित्र बदलून कंपनीचं चित्र ठेवलं आणि प्रत्येक संगणकावर, पिवळ्या रंगाच्या खाली, निळं स्टिकर चिकटवलं: मदतीसाठी या क्रमांकावर संपर्क साधा. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, हे तुम्ही टाकलं का? भारी टाकलं. तुमचा नंबर देऊन ठेवा, लोकल रिसोर्स म्हणून." मी भोळेपणानं दिला.

त्या दिवसापासून शाळेचं लिनक्सबद्दलचं मत बदललं. तीच सिस्टीम, तेच संगणक, तीच मी. पण आता पैसे जात होते, पावती येत होती, आणि मुख्य म्हणजे ओरडायला एक माणूस होता. आमच्या भागात ज्याच्यावर ओरडता येत नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा हे कोणाला कळत नाही. हजारो लोकांवर एकाच वेळी ओरडता येत नाही, आणि माझ्यावर ओरडून काही उपयोग नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आता सर दुपारी सहज फोन लावून बघायचे. पलीकडची मुलगी 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं म्हणाली की ते फोन कानापासून दूर धरून आम्हाला ऐकवायचे. हिंदीच्या सरांनीसुद्धा वर गेलेल्या बटणाबद्दल विचारायचं बंद केलं. कंपनीनं ठेवलंय म्हणजे काही कारण असेल, असं म्हणाले.

बारावीच्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी प्रिंटर अडला. मी खोलीत पोरींचा सराव घेत होते. मी बघते म्हटलं, तर सर म्हणाले, "नको मॅडम, तुम्ही हात नका लावू. करार आहे आपला." त्यांनी ऑफिसातून फोन केला. तक्रार नोंदवली गेली, तिला एक लांबलचक क्रमांक मिळाला. तो त्यांनी डायरीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. वीस मिनिटांनी माझा मोबाइल वाजला.

"मॅडम, परतूर तालुक्यात एका शाळेत प्रिंटर चालत नाही. तुम्ही जवळपास आहात का?"

मी प्रिंटरपासून चार फुटांवर होते. "आहे," मी म्हटलं. "जाऊन येते." उठले, छापायच्या कागदांची अडकलेली यादी साफ केली, प्रिंटर चालू केला, कंपनीला कळवलं, पुन्हा बसले. कंपनीनं सरांना फोन करून काम झाल्याचं कळवलं आणि सेवेला पाचपैकी किती गुण देता असं विचारलं. सर धावत खोलीत आले. "बघितलं का मॅडम? तिकडून बसल्या जागी करून दिलं. जल्दी. ह्याला म्हंतेत सपोर्ट." पाचपैकी पाच दिले होते. पोरी खाली माना घालून हसत होत्या. मीही हसले. मला तेव्हा खरंच गंमत वाटली. यजमानांना सांगितलं तर ते हसता हसता एकदम थांबले आणि म्हणाले, "हे बरं न्हाई झालं." मी म्हटलं, तुम्हाला कशातच मजा येत नाही.

जूनमध्ये मी नेहमीसारखा अर्ज घेऊन गेले. फोटो नवा काढला होता. सरांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. मग म्हणाले, "संस्थेची मीटिंग झाली मॅडम. करारात ट्रेनिंग बी आहे. आठवड्यातून एकदा कंपनीचा माणूस येईल, शिकवून जाईल. मंग दोन-दोन खर्चे कशाला, असं शेठजी म्हणून राह्यले. म्हणे, संगणक काही बिघडत तर न्हाईत, मॅडम दिवसभर तिथं करतेत काय?"

मी काय करत होते हे मला त्या क्षणी सांगता आलं नाही. अकरा वर्षांत कधी सांगायची वेळच आली नव्हती. मी चहा पूर्ण प्यायले, कारण टाकून उठले असते तर रडले असते, आणि अर्ज तसाच पर्समध्ये घालून घरी आले. विषयाची मान्यता टिकली होती. ती मीच टिकवली होती. मला इतका राग आला होता की मी त्या दिवशी घरातली सगळी भांडी, स्वच्छ असलेलीसुद्धा, घासून काढली.

कंपनीला मात्र माझी किंमत कळली, कारण तिच्याकडे माझ्याशिवाय लिनक्स येणारं कोणी नव्हतं. मला बोलावणं आलं. गळ्यात पट्टा आला. आता मी जिल्हाभर फिरते. भोकरदनला एका शाळेत, अंबडला एका वकिलांच्या ऑफिसात, जालन्यात बियाण्याच्या दोन गोदामांत, जिथं जिथं जुने संगणक आहेत तिथं तिथं मी एसटीनं जाते आणि दिवाळीत चकल्या खाऊन जे केलं तेच करते. लोक आदरानं बसवतात. कपबशीत चहा देतात, स्टीलच्या पेल्यात नाही. कोणी विचारत नाही की ही सिस्टीम फुकट आहे का, ती कोणी लिहिली, त्यांना काय मिळतं. आम्ही बिल देतो, त्यामुळे हे प्रश्न उद्भवत नाहीत. वकीलसाहेब तर मला म्हणाले, "एवढी महाग सिस्टीम आहे म्हणजे चांगलीच असणार." मी मान हलवली. मानधनाच्या दुप्पट पगार आहे आणि उन्हाळ्यातही येतो. माझी तक्रार नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

मागच्या महिन्यात आष्टीची तक्रार माझ्याकडे आली. काम तालुक्याचं, म्हणून माझ्याच नावावर पडणार होतं. मी बदलून घेऊ शकले असते. नाही घेतलं.

खोलीतल्या संगणकांवर कापडी आच्छादनं होती आणि आच्छादनांवर धूळ. शिकवायला येणारा माणूस दिवाळीनंतर आलाच नव्हता. पोरी वहीत संगणकाचं चित्र काढून भाग ओळखत होत्या. पोरींचे शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरायची मुदत संपत आली होती आणि एकाही संगणकावर अर्जाचं पान उघडत नव्हतं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कंपनीच्या मुलीनं त्यांना फोनवरून पाच वेळा बंद करून चालू करायला लावलं होतं.

मी एक चालू केला आणि कोपऱ्यातली तारीख बघितली. कैक वर्षं मागची. दुसऱ्यावर तेच. संगणक बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवायला गोल बटणासारखा एक छोटा सेल असतो. तो संपला की संगणक आपला काळ विसरतो, आणि तारीख चुकली की असली सरकारी पानं उघडत नाहीत. हे जुने संगणक, त्यांचे सेल वर्षभरातच मान टाकायचे. दर जूनला शाळा उघडायच्या आधी मी बाजारातल्या घड्याळवाल्याकडून मूठभर सेल आणायचे आणि दोन दुपारी बसून बदलायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला मी सांगितलंही नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही कधी.

घड्याळवाला अजून तिथंच होता. सेल आणले. पोरींना आच्छादनं काढायला लावली, एकीला झाकण कसं उघडायचं ते दाखवलं, तर बाकीच्या भोवती जमल्या. दोन तासांत वीस संगणक आजच्या तारखेला आले आणि अर्जाचं पान उघडलं. मग कंपनीचा कागद घेऊन मी सरांच्या समोर बसले. त्यावर त्यांची सही लागते. त्यांनी काय बिघडलं होतं ते विचारलं, मी सांगितलं. सेल बघायला मागितला, हातात धरून उलटासुलटा केला.

"एवढंसं?" सर म्हणाले. "मॅडम, तुम्ही इथं होतात तवा हे कधी बिघडलंच न्हाई."

"म्हणून तर काढलं मला, सर."

त्यांनी सेल टेबलावर ठेवला. सही केली. कागद माझ्याकडे सरकवला, पण बोटं त्यावरच ठेवली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मी बोलतो शेठजींशी. पुन्हा येता का? तासिकेवरच मिळंल, ते मात्र आधीच सांगतो."

या प्रश्नाचं उत्तर मी गेल्या जूनपासून घोटून ठेवलं होतं. एसटीत बसल्या बसल्या त्याला धार लावली होती. त्यात व्यवस्था हा शब्द होता, शेठजींचा उल्लेख होता, आणि शेवटी उठून जाताना म्हणायचं एक वाक्य होतं, जे ऐकून सरांना रात्री झोप लागली नसती. चांगली नोकरी होती, गळ्यात पट्टा होता, सही झालेला कागद समोर होता. पलीकडच्या खोलीतून पोरींचा कालवा ऐकू येत होता, कोणाचा अर्ज आधी भरायचा म्हणून भांडत होत्या.

मी तोंड उघडलं आणि विचारलं, "आठवड्याला किती तास, सर?"